दाराचा ‘धप्प’ आवाज आणि त्यासाठी किती मोजायचं?

मागची_सीट

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा बावळट वाटेल, पण झोप उडाली आहे म्हणून विचारतो.

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एकाने मला त्याच्या गाडीतून घरी सोडलं. गाडी कुठली ते सांगत नाही, नाहीतर सगळी चर्चा त्या नावावरच जाईल. उतरलो, दार लावलं आणि ‘धप्प’ असा आवाज आला. गादीवर उशी पडावी तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बारा वर्षांच्या हॅचबॅकचं दार लावलं तर ‘खाड्’. पत्र्याचा डबा! बारा वर्षं हेच दार लावतोय, कधी खटकलं नव्हतं. आता रोज दोन वेळा खटकतं. बायको म्हणते, तू बस, दार मी लावत जाईन.

तर परिस्थिती अशी. रोज जाऊन-येऊन दीड तास गाडीत जातो. महिन्यातून दोनदा आईबाबांना घेऊन चार-पाच तासांचा प्रवास असतो. आईला गाडी लागते म्हणून ती पुढे. बाबा मागे, त्यांच्या शेजारी बायको. बाबांना मणक्याचा त्रास आहे, तिसऱ्या तासानंतर ते नुसते डोळे मिटून बसतात.

जवळपास सारख्याच पैशांत तीन गोष्टी समोर आहेत. पहिली, साध्या कंपनीची नवी गाडी, सगळ्यात वरचं मॉडेल. छत उघडतं, सीटमधून गार वारा येतो, समोर फळ्याएवढी स्क्रीन. दुसरी, बड्या नावाच्या कंपनीची नवी, पण त्यांची सगळ्यात धाकटी आणि सगळ्यात खालचं व्हेरियंट. तिसरी, त्याच बड्या नावाची मोठी सेडान, पाच वर्षं वापरलेली, नव्या किमतीच्या निम्म्याहून कमी भावात.

शोरूममधला मुलगा ‘प्रीमियम फील’ हा शब्द चौदा वेळा म्हणाला (मोजले). फील म्हणजे काय ते मात्र त्याला सांगता आलं नाही. प्रीमियम ही हाताला लागणारी वस्तू आहे की नुसता भास? आणि असलीच, तर ती घेण्यात अर्थ आहे का?

मोजपट्टी

प्रीमियम म्हणजे बॉनेटवरचं चिन्ह. विषय संपला.

पुरावा हवा तर फोक्सवॅगन फेटन बघा. २००२मध्ये आली. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख फर्डिनांड पीएख यांनी इंजिनिअरांना अट घातली होती की बाहेर ५० अंश तापमान असताना गाडी ताशी ३०० किलोमीटरने दिवसभर धावली पाहिजे आणि आत २२ अंशच राहिले पाहिजेत. तिच्यासाठी ड्रेस्डेनमध्ये काचेच्या भिंतींचा कारखाना बांधला. जिच्या पायावर बेंटले कॉन्टिनेंटल जीटी उभी राहिली ती हीच गाडी. अमेरिकेतून काही वर्षांतच गाशा गुंडाळला आणि २०१६मध्ये उत्पादनच बंद झालं. का? पुढच्या जाळीवर तेच चिन्ह होतं जे शेजाऱ्याच्या छोट्या गाडीवर असतं. आत सगळं असून लोकांनी घेतली नाही. म्हणजे लोक पैसे कशाचे देतात ते उघड आहे.

तुम्ही पहिली घ्या आणि उरलेल्या काळजीतून मोकळे व्हा.

कानसेन

मोजपट्टी यांचं उदाहरण चांगलं आहे, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं पुढे सांगते.

आधी ओळख. मी सोळा वर्षं गाड्यांमधले नको असलेले आवाज शोधायचं काम केलं. तानसेन नाही तर निदान कानसेन तरी व्हावं म्हणतात, मला त्याचा पगार मिळायचा. या खात्याला एनव्हीएच म्हणतात. आवाज, थरथर आणि दणका, एवढंच त्याचं मराठी. (मागच्या एका धाग्यात मला सगळे ‘दादा’ म्हणत होते. मी बाई आहे.)

तुमच्या त्या दारापासून सुरुवात करू. ‘धप्प’ हा आवाज आपोआप येत नाही, तो रचलेला असतो. दाराचा बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो आणि एकटा सोडला तर ताशासारखा वाजतो. त्याला आतून ब्यूटाइल रबराची किंवा डांबरी थराची पट्टी चिकटवली की तो ताशा मुका होतो. कुलपाच्या आकड्यावर प्लास्टिकचं आवरण चढवलं की लोखंडावर लोखंड आपटत नाही. कडेचं रबर एकपदरीऐवजी दुपदरी केलं की उरलेला ठणका तिथे जिरतो. यातलं काहीच फार महाग नाही, म्हणून आता साध्या कंपन्याही हे सर्रास करतात. गिऱ्हाईक शोरूममध्ये सगळ्यात आधी दारच लावून बघतं, हे त्यांनाही ठाऊक आहे. तेव्हा तुमची झोप ज्या आवाजाने उडाली तो निर्णयाला सगळ्यात निरुपयोगी आवाज आहे. राग मानू नका, मीही गाडीपाशी गेले की आधी दारच लावते.

खरी गंमत गाडी चालू झाल्यावर. आमचे अहवाल इंग्रजीत असायचे, पण माझ्या वहीत शब्द मराठी, कारण तेच जास्त नेमके. खडखड म्हणजे दोन कडक वस्तू एकमेकींवर आदळताहेत. कुरकुर म्हणजे दोन पृष्ठभाग अडत-सुटत, अडत-सुटत घासताहेत. घरघर टायरची. भणभण म्हणजे एखादा मोठा पत्रा, बहुतेक वेळा छताचा, इंजिनाच्या सुरात सूर मिळवतोय. आणि सूंऽऽ म्हणजे वारा, बहुधा आरशाच्या बुंध्यापाशी. प्रत्येकीचं औषध वेगळं.

एकदा एका कुरकुरीमागे मी अकरा दिवस होते. गाडी चार खांबांच्या हलवणाऱ्या यंत्रावर, मी मागच्या सीटवर आडवी, कानाला स्टेथोस्कोप. सीट काढल्या, पट्टे काढले, छताचं कापड उतरवलं, तरी कुरकुर आहेच. शेवटी सापडली ती डाव्या खांबाच्या आवरणाची एक क्लिप, अर्ध्या मिलिमीटरने सैल. तेवढ्यासाठी साचा बदलला. स्वस्त गाडीच्या प्रकल्पात तिथे अकरा दिवस कुणी देत नाही. दोन-तीन दिवस मिळतात, मग कुणीतरी म्हणतं, ‘अहो, लोक रेडिओ लावतीलच की.’

मला विचाराल तर प्रीमियम म्हणजे ते अकरा दिवस. लाकडाची पट्टी, चामडं, निळे-जांभळे दिवे हे सगळं नंतर चिकटवता येतं. अकरा दिवस चिकटवता येत नाहीत.

याचं टोकाचं उदाहरण १९८९ची लेक्सस एलएस ४००, टोयोटाने काढलेल्या नव्या बड्या नावाची पहिली मोठी गाडी. मुख्य अभियंते इचिरो सुझुकी. आवाज झाकायचा नाही, जिथे जन्मतो तिथेच मारायचा, असा त्यांचा हट्ट. म्हणून इंजिनाचे भागच इतक्या काटेकोर मापाचे करायचे की थरथर निघूच नये. साडेचारशेच्या आसपास नमुना गाड्या बनवल्या. त्यांची एक जाहिरात आमच्या खात्यात सगळ्यांना पाठ होती: बॉनेटवर काचेच्या पेल्यांचा मनोरा, खाली चाकं रोलरवर भन्नाट फिरताहेत आणि पेला हलत नाही. उलट मर्सिडीजने १९९१च्या एस-क्लासला बाजूच्या काचाच दुहेरी बसवल्या, मधे हवेची फट ठेवून. शांतता मिळाली, पण त्या पिढीच्या वजनावर लोक आजही बोलतात. एकाने आवाज मारला, दुसऱ्याने बाहेर कोंडला. मी पहिल्या घराण्याची.

तुम्हाला यंत्र नको, पुढचं एवढं करून बघा.

ट्रायलला रेडिओ आणि एसीचा पंखा बंद करायला सांगा. विक्रेता बोलत राहील, त्याला प्रेमाने गप्प करा. काच अर्धी खाली करून तिची वरची कड निरखा. मधे बारीक रेघ दिसली तर दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा आहे, तो वाऱ्याचा आवाज अडवतो. रेघ नसेल तर साधी कडक केलेली एकच काच. पुढे आणि मागे दोन्हीकडे बघा, तिथे कंपन्या हात आखडतात. दाराच्या कप्प्यात किल्ल्यांचा जुडगा टाका आणि वळणं घ्या. कप्प्याला आतून मखमल असेल तर ऐकूच येणार नाही. एक चाक फुटपाथच्या कडेवर चढवून थांबा आणि चारी दारं उघडून लावून बघा. सांगाडा मऊ असेल तर एखादं दार अडखळतं. डॅशबोर्डखाली हात घालून वायरींचा जुडगा चाचपा. गुळगुळीत प्लास्टिकची टेप असेल तर विशेष काही नाही, लोकरीसारखी कापडी टेप असेल तर कुणीतरी खडखडीचा विचार केलाय. आणि बाबांना मागे बसवूनच ट्रायल घ्या. पहिली दहा मिनिटं कुठलीही सीट छानच वाटते, निदान चाळीस मिनिटं चालवा.

चाकांबद्दल थोडं जास्त बोलते, कारण तुमच्या घरी मणक्याचा रुग्ण आहे. मोठी चाकं फोटोत शोभतात. पण चाक मोठं म्हणजे टायरचा रबरी गाल पातळ, आणि खड्ड्याचा पहिला दणका तोच गाल खातो. एकोणीस इंची चाकांवरची महागडी गाडी आणि सतरा इंचीवरची साधी गाडी यांत बाबा बहुधा दुसरीत सुखी असतील. बड्या नावाच्या काही गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात. हवा गेल्यावरही साधारण ऐंशी किलोमीटर जाता येतं, पण त्यासाठी टायरच्या भिंती जाड आणि ताठ केलेल्या असतात. ते ताठपण रोज मणक्यात जातं.

स्क्रीन आणि सीटचा गार वारा याला मी सामान म्हणते. सामान वाईट नाही, पण ते वरून खाली झिरपतच असतं. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय, १९७८मध्ये एस-क्लासला वेगळे पैसे भरून मिळायचं, आज धाकट्या गाडीतही असतं. फळ्याएवढी स्क्रीन तर उलटी गोष्ट आहे. वीस बटणं, त्यांचे साचे, त्यांच्या वायरी, प्रत्येक बटणाचा ‘टक्’ नीट यावा म्हणून कुणाचे तरी अकरा दिवस, हे सगळं वाचवायला ती लावतात.

आता फेटन. मोजपट्टी म्हणतात तसं चिन्हामुळे ती विकली गेली नाही, मान्य. पण कॅडिलॅक या बड्या नावाने ऐंशीच्या दशकात शेव्हरोले कॅव्हेलिअर या साध्या गाडीला आपलं चिन्ह लावून सिमॅरॉन म्हणून विकली, तीही पडलीच, आणि कंपनीचं नाव वर्षानुवर्षं खराब करून गेली. चिन्ह शोरूमपर्यंत आणतं, चार तासांच्या प्रवासात ते बॉनेटवर असतं, तुम्ही आत असता. फेटनमध्ये कंपनीचं नुकसान झालं. जुनी फेटन स्वस्तात घेऊन मागच्या सीटवर झोपलेल्या माणसाचं काय नुकसान झालं, ते मोजपट्टी यांनी सांगावं.

तुमच्या तिघींपैकी दुसरी माझ्या यादीत तळाला. धाकट्या मॉडेलात नावाचे पैसे पूर्ण घेतात आणि अकरा दिवस मोठ्या भावंडासाठी राखून ठेवतात. सगळ्याच कंपन्या असं करतात असं नाही, पण ऐकून घ्या, म्हणजे अक्षरशः ऐकून घ्या. पहिली आणि तिसरीत मी कान तिसरीला देईन. खिशाचं मला कळत नाही.

तेलकट_हात

खिशाचं मी सांगतो. ताईंनी लिहिलेलं सगळं बरोबर, पण त्यांना गाड्या नव्या असताना भेटायच्या. मला गॅरेजमध्ये आठव्या वर्षी भेटतात.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा भाऊ. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. निम्म्या भावात घेतलेल्या मोठ्या सेडानला पार्ट पूर्ण भावाच्या गाडीचेच लागतात. पुढचा दिवा फुटला तर आतला एलईडी वेगळा मिळत नाही, अख्खा दिवा घ्यावा लागतो, आणि बसवल्यावर कॉम्प्युटरला ओळख करून द्यावी लागते. काही गाड्यांत साधी बॅटरी बदलली तरी नोंदवावी लागते, नाहीतर गाडी ती जुनीच समजून चार्ज करत राहते. समोरची काच तडकली तर तिच्यामागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो पुन्हा नेमका जुळवणं, आलं.

बघा, ज्या गोष्टींमुळे गाडी मऊ चालते त्याच पुढे खर्च काढतात. साध्या गाडीला मागे एक आडवी तुळई असते आणि दोन रबरी बुश. मोठ्या गाडीला प्रत्येक मागच्या चाकाला ते धरून ठेवणारे चार-पाच वेगवेगळे हात, आणि प्रत्येकाच्या टोकाला रबर. रबर किलोमीटर बघत नाही, वर्षं बघतं. ‘कमी चाललेली आहे’ ऐकून लोक खूष होतात. मला उलट भीती वाटते. उभी राहिलेली गाडी आतून वाळते. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. पाच वर्षांच्या गाडीवर पाच वर्षांचेच टायर असतील तर मालकाने पैसे कुठेच घातलेले नाहीत असं समजायचं.

मजुरी महाग का, हेही लोक विचारतात. काही इंजिनांची टायमिंग चेन (झडपा वेळेवर उघडायला लावणारी साखळी) पुढे नसते, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला असते. चेन बदलायची म्हणजे इंजिन नाहीतर गिअरबॉक्स उतरवायचा. चेनची किंमत किरकोळ, पण तिच्यापर्यंत पोहोचण्यातच दिवस जातो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभरासाठी’ आहे असं सर्व्हिस पुस्तकात लिहिलेलं सापडेल. कोणाच्या आयुष्यभर ते लिहिलेलं नसतं. झेडएफ ही कंपनी स्वतः गिअरबॉक्स बनवते आणि तीच म्हणते की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं झाली की तेल बदला. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढतं, ते दर दोन वर्षांनी. हे झालं आहे का ते कागदावर बघा, तोंडी ऐकू नका.

घ्यायच्या आधी पाच पार्टचे भाव काढा. पुढचा दिवा, चार टायर, पुढचे खालचे हात, वॉटर पंप आणि, एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे) असेल तर, एका चाकाचा फुगा. पाचांची बेरीज बघून पोटात गोळा आला तर गाडी तुमची नाही. नाही आला तर गाडीच्या किमतीच्या साधारण पाचव्या भागाएवढे पैसे बाजूला ठेवा आणि खुशाल घ्या. हा आकडा माझ्या गॅरेजमधल्या अनुभवाचा, कुठल्या पुस्तकातला नाही.

मी स्वतः काय चालवतो? साधी. घरी गेल्यावर पुन्हा बॉनेट उघडायचं नसतं मला.

एक_कोपरा_खाली

तेलकट_हात यांनी फुग्याचं नाव काढलं म्हणून लिहितो, नाहीतर जखम भरत आली होती.

घेतली होती एक. सहा वर्षांची, मोठी, हवेच्या सस्पेन्शनची. पहिले सात महिने मी गाडी चालवत नव्हतो, तरंगत होतो. रस्त्यावरचा जोड आला की पूर्वी दात वाजायचे, हिच्यात नुसतं कळायचं की काहीतरी येऊन गेलं. बायकोशी भांडणसुद्धा हळू आवाजात होऊ लागलं, कारण ओरडायची गरजच नव्हती.

आठव्या महिन्यात एका सकाळी बाहेर आलो तर गाडी पुढच्या डाव्या कोपऱ्यावर बसकण मारून बसलेली. चालू केल्यावर उठली. मी म्हटलं, ठीक आहे, वय झालं, सकाळी आपल्यालाही वेळ लागतो. दीड महिना असाच काढला. ही माझी चूक. फुग्याला बारीक चीर होती, रात्रभर हवा गळायची आणि रोज सकाळी कॉम्प्रेसर जीव तोडून ती भरायचा. शेवटी तोही जळला. एका फुग्याचं काम दोन फुगे आणि कॉम्प्रेसरवर गेलं, कारण एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना ठेवायचा नसतो म्हणे.

त्याच सुमारास आतली बटणं चिकट व्हायला लागली. त्यांच्यावर ते मऊ रबरासारखं रंगाचं आवरण असतं ना, ज्याला हात लावून आपण ‘वा’ म्हणतो, ते जुनं झाल्यावर विरघळल्यासारखं होतं. काच वर करायची तर बोट चिकटतं. मुलगा तिला ‘डिंकवाली गाडी’ म्हणायचा.

विकली. आता साध्या स्प्रिंगची आहे, काही तक्रार नाही. तरी खरं सांगू? लांबच्या रस्त्याला लागलो की अजून तिची आठवण येते. ताई म्हणतात ते अकरा दिवस मला रोज जाणवायचे. माझ्या हिशेबात फक्त त्या डाव्या कोपऱ्याचे दिवस धरलेले नव्हते.

मोजपट्टी

फेटनच्या मागे झोपलेल्या माणसाचं काही नुकसान झालं नाही, मान्य. पण पहिल्या मालकाचं झालं, कारण चिन्ह नसल्यामुळे ती विकताना अजून पडली. म्हणजे चिन्ह आत नसलं तरी हिशेबात असतंच.

शिवाय कानसेनताई, इलेक्ट्रिक गाड्यांत इंजिनच नाही. तुमच्या सुझुकींचा हट्ट तिथे फुकटात मिळतो. मग उरलं काय?

कानसेन

पहिल्या मालकाचा मुद्दा बरोबर, तो मी सोडलाच होता. वापरलेली घेणाऱ्याला मात्र तोच फायद्याचा, नाही का?

इलेक्ट्रिकबद्दल: इंजिन गेलं म्हणून मला निवृत्ती मिळेल असं सगळ्यांना वाटलं होतं, उलट काम वाढलं. इंजिनाची घरघर एक पांघरूण असते, तिच्याखाली बारीकसारीक सगळं झाकून जातं. पांघरूण काढल्यावर टायर ऐकू येतो, वारा ऐकू येतो, मोटरची बारीक किणकिण ऐकू येते, आणि मागच्या सीटच्या बिजागरीची ती कुरकुर, जी आजवर कुणालाच माहीत नव्हती. टायरच्या आत आता स्पंज चिकटवतात. तेव्हा शांत इंजिन सगळ्यांना मिळेल, शांत गाडी नाही. आणि डेसिबलच्या आकड्यांनी फसू नका. दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो, पण तोच आकडा सरळ ‘सूं’ आवाजात असला तर सुसह्य आणि अधूनमधून येणाऱ्या खडखडीत असला तर डोकं उठवतो. घड्याळाच्या टिकटिकीने झोप जाते, पावसाने येते. मापकाला दोन्ही सारखे.

एक जुनी गोष्ट राहिली. एलएस ४०० बाजारात येऊन काही महिनेच झाले होते आणि वायरिंग व ब्रेक-लाइटच्या तक्रारींवरून तोवर विकलेल्या सगळ्या, सुमारे आठ हजार, गाड्या परत बोलवाव्या लागल्या. नव्या कंपनीचं नाव तिथेच बुडायला हवं होतं. त्यांनी मालकांच्या दारातून गाड्या नेल्या, दुरुस्त केल्या, धुतल्या, टाकी भरली आणि परत आणून दिल्या. तेलकट_हात, गाडी आठव्या वर्षी तुमच्याकडे येते तेव्हा दारातून न्यायला कुणी येत नाही, हा तुमचा मुद्दा मला पटतो.

मागची_सीट

सगळ्यांचे आभार. दोन रविवार सत्कारणी लागले, आता वृत्तांत.

पहिली गाडी: रेडिओ बंद केल्यावर विक्रेता इतका अस्वस्थ झाला की मलाच वाईट वाटलं. चाकं एकोणीस इंची. किल्ल्या कप्प्यात खुळखुळल्या. बाबा दोनदा ‘अरे हळू’ म्हणाले, तेव्हा मी चाळीसवर होतो. त्याच कंपनीचं मधलं मॉडेल सतरा इंचीवर आहे, ते नंतर चालवलं. बरंच बरं. स्क्रीन लहान, छत बंद, बाबा गप्प.

दुसरी: रन-फ्लॅट. बाबा म्हणाले, गाडी सुंदर आहे, मी रिक्षाने येतो.

तिसरी. आता हे नीट सांगतो. बाबा मागच्या सीटवर गेली कित्येक वर्षं बोलत नाहीत. आम्हाला वाटायचं कंबर दुखते म्हणून. ट्रायलला निघून पंधरा-वीस मिनिटं झाली होती, ताशी ऐंशी-नव्वदचा वेग, आणि मागून बाबा अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, ‘तो डावीकडचा पूल आम्ही बांधत होतो तेव्हा तू दोन वर्षांचा होतास.’ मी मान न वळवता विचारलं, कुठला? मग ते बोलतच राहिले. आई पुढून त्यांच्या चुका काढत होती. घरी आल्यावर बायको म्हणाली, आपल्या गाडीत ते बोलत असतील रे, आपल्याला ऐकू येत नसेल. मधे एकदोनदा बोलून सोडून दिलं असेल.

तेव्हापासून दाराचा आवाज डोक्यातून गेला आहे. हे दुसरंच बसलंय.

तेलकट_हात दादा, पाच पार्टचे भाव काढले. पोटात गोळा आला, पण लहान. स्प्रिंगची आहे, हवेची नाही, हे आधी विचारून घेतलं. टायर गेल्या वर्षीचे. ब्रेकच्या तेलाची नोंद दोनदा सापडली. गिअरबॉक्सच्या तेलाची नाही. चालली आहे ७४,००० किलोमीटर. मालक म्हणतात, ‘आयुष्यभराचं असतं.’

तेलकट_हात

७४ म्हणजे दारातच आली. तेल बदलायचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. सही करायच्या आधी कुठल्यातरी गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवा, खालून बघितल्याशिवाय एक पैसा देऊ नका. मालक लिफ्टला नाही म्हणाले तर तिथूनच परत फिरा.

एक_कोपरा_खाली

आणि बटणं चाचपून बघा. चिकटतात का?

मागची_सीट

नाही चिकटत. बोट लगेच सुटतं, तीन वेळा बघितलं. लिफ्टला मालक हो म्हणालेत, शनिवारी नेतोय.

कानसेन

काचांच्या कडा बघितल्या का?

मागची_सीट

बघितल्या. पुढच्या दोन्ही काचांना रेघ आहे. मागच्या साध्या, एकपदरी.

कानसेन

वाटलंच. मग बाबांना पुढे बसवा. पुढची सीट मागे सरकवता येते, पाठ हवी तेवढी कलती करता येते, मणक्यालाही बरं.

मागची_सीट

आईला विचारून सांगतो.